पंधराशें मीटरांचा हिशेब

आमच्यांतील पुष्कळांस पोहतां येतें. पण ठराविक अंतर ठरलेल्या वेळांत कापण्याचा अभ्यास थोडेच करतात. समजा, आपणांस १५०० मीटर अंतर फ्रीस्टाइल पद्धतीनें ३० मिनिटांत पोहावयाचें आहे. म्हणजे दर १०० मीटरांस २ मिनिटें मिळतात. आज ३३ मिनिटें लागत असतील, तर दर शंभरास २ मिनिटें १२ सेकंद होतात. मिळवावयाचे ते हे १२ सेकंद, आणि तें कांहीं महिन्यांचें काम आहे.

याकरितां आठवड्यांतून दोनदां १०० मीटर बरोबर २ मिनिटांत पोहून २० सेकंद विसांवा घ्यावा, व असें पुन्हां पुन्हां करावें. आरंभीं सहा वेळां साधलें तरी पुरे; पुढें दहा, मग पंधरा. इतर दिवशीं सावकाश, लांबवर पोहून हातांची फेंक व श्वासाची लय सुधारावी.

आरंभींच उतावीळ होऊं नये. पाण्याचा विरोध सुमारें वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणून पहिल्या शंभरांतील घाईचें कर्ज शेवटच्या पांचशांत व्याजासह फेडावें लागतें. अमेरिकेच्या केटी लेडेकी यांनीं २०१८ सालीं हेंच अंतर १५ मिनिटें २०.४८ सेकंदांत कापलें. सरासरी शंभरास सुमारें ६१ सेकंद.

पालकांस आमची विनंति कीं, मुलांस एकटें पाण्यांत उतरूं देऊं नये. घड्याळ घेऊन आपण कांठावर बसावें. वहींत मात्र आंकडा जसाच्या तसा लिहावा. लेखणीनें कमी केलेला सेकंद पाण्यांत कमी होत नाहीं.