आयडी बॅन झाली तर

नाकाडोंगरीतल्या आईबाबांनो, आपण मुलांना रोज एकच विचारतो, ‘किती वेळ खेळलास?’ डोळे बिघडतील, अभ्यास बुडेल, घराघरांतलं भांडण एवढ्यावरच चालतं. ‘कसा जिंकलास?’ असं मात्र कुणी विचारत नाही. मला आज त्याच प्रश्नाबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

रोवणीच्या दिवसांत घरात मोठं माणूस सापडत नाही. डोंगरी बुजुर्गच्या खाणीत ज्यांची पाळी असते, त्यांचं झोपणं-उठणंच वेगळं. अशा वेळी आईचा फोन लेकरांच्या हाती राहतो आणि त्यावर बीजीएमआय नाहीतर फ्री फायर मॅक्स असा गोळीबाराचा खेळ चालू असतो. खेळू द्या, खेळाला माझा विरोध नाही. पण खेळता खेळता मुलं ‘हॅक’ म्हणून काही बोलतात, ते नीट समजून घ्या. शत्रू कुठे उभा आहे ही माहिती खेळ चालण्यासाठी फोनपर्यंत येतच असते, फक्त खेळाडूला ती दिसू द्यायची नसते. हॅक ती चोरून वाचतो. मग भिंतीआडचा माणूस दिसतो, नेम आपोआप डोक्यावर लागतो. टेलिग्रामवर आणि व्हिडिओखालच्या लिंकांवर हे ‘मॉड एपीके’ म्हणून मिळतं, कधी फुकट, कधी पैसे देऊन.

ते फोनमध्ये घालताना काय होतं, एकदा डोळ्यांनी पाहा. अनोळखी ठिकाणचं ॲप आहे, धोका होऊ शकतो, असं फोन स्वतः सांगतो. मुलगा न वाचता पुढे जातो. मग ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे पडद्यावरचं वाचायची, परवानगी मागतं. तीही मिळते. आता त्या फोनवर आलेला ओटीपी कुणीतरी दुसराच वाचू शकतो. त्याच फोनवर आपलं फोनपे आहे आणि धानाच्या चुकाऱ्याचा मेसेजही त्याच फोनवर येतो. पैसे गेलेच, तर रात्र असो की पहाट, लगेच 1930 वर फोन करा. मुलाला रागावणं नंतर होऊ द्या.

आता जरा कठीण बोलते. लबाडीची सुरुवात हॅकच्या कितीतरी आधी, वयापासून होते. बीजीएमआयमध्ये 18 वर्षांखालच्या मुलाला पालकाच्या नंबरवर आलेला ओटीपी लागतो. दिवसाला 3 तास खेळ आणि 7,000 रुपये खर्च, अशी मर्यादा त्याला असते. 13 वर्षांचा मुलगा ‘मी 18 पूर्ण’ वर टिचकी मारतो आणि ही सगळी कुंपणं एका बोटाने पडतात. खातं उघडताना ‘आई, ओटीपी सांग ना’, असं तो म्हणतो तेव्हा चुलीवरून हात न काढता आपणच आकडे वाचून दाखवतो. नियम चुकवायला घरचं माणूस मदत करतं, हे त्याच्या मनात तिथेच पक्कं बसतं.

कंपन्या हॅक खपवून घेत नाहीत. बीजीएमआय चालवणाऱ्या क्राफ्टनने 1 ऑक्टोबर ते 10 नोव्हेंबर 2021 एवढ्या काळात 25 लाखांहून जास्त खाती कायमची बंद केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी फोनवरच बंदी घालायला सुरुवात केली, कारण मुलं एक खातं गेलं की दुसरं काढत होती. तो फोन तुमचा असतो, हे विसरू नका. दक्षिण कोरियात हॅक बनवून विकणाऱ्याला तुरुंगाची शिक्षा आहे. मला ते बरोबर वाटतं. मुलांच्या हावेवर धंदा करणारी माणसं खरी गुन्हेगार आहेत.

मोठ्या मैदानावर काय झालं तेही मुलांना सांगा. ऑक्टोबर 2018 मध्ये शांघायला काउंटर-स्ट्राइक या संगणकावरच्या खेळाची आशियाई स्पर्धा होती. भारताचा ऑप्टिक इंडिया हा संघ तिथे खेळत होता. सामना चालू असताना निखिल कुमावत या खेळाडूच्या संगणकात नेम लावून देणारं सॉफ्टवेअर सापडलं. फाइलचं नाव साधंसं होतं, ‘वर्ड’. पंच तपासायला आले तेव्हा त्याने त्यांना अडवण्याचा प्रयत्न केला. संघ स्पर्धेबाहेर गेला, मालकांनी भारतातला संघच बंद केला आणि त्याच्यावर 5 वर्षांची बंदी आली. विशेष म्हणजे आदल्या वर्षीही तो असाच पकडला गेला होता आणि 6 महिन्यांची बंदी संपवून परत आला होता. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते बाकीच्या चौघांचं. त्यांनी काहीच केलं नव्हतं.

हॅक वापरणारा तुमचा मुलगा वाया गेलेला नाही. स्क्वॉडमधली पोरं ‘नूब’ म्हणून हिणवतात, रँक खाली येतो, आणि 14 वर्षांच्या जिवाला ते सहन होत नाही. म्हणून त्याला आधी विचारा, कुणापुढे जिंकायचं होतं? हे उत्तर मिळायला दोन-चार दिवस लागले तरी लागू द्या. सोबत बसून ते ॲप काढा, यूपीआयचा पिन बदला.

पण एक करू नका. बॅन झाल्यावर तो नवा नंबर मागेल, मामाचा फोन मागेल, ‘फक्त एक ओटीपी’ म्हणेल. देऊ नका. ती शिक्षा त्याची त्यालाच भोगू द्या.

कधी कंपनीचीही चूक होते. मुलगा हॅक वापरला नाही असं शपथेवर सांगत असेल आणि फोनमध्ये तसं काही सापडत नसेल, तर खेळातल्याच ग्राहक सेवेकडे तक्रार करता येते. ती त्याच्या शेजारी बसून लिहा, कधी काय झालं ते खरं खरं. खरं वयसुद्धा त्यातच लिहा.