मनाची चावी कोणाच्या हाती?
(मेंदूविज्ञान, युद्ध आणि शील : एक अभ्यास)

तथागत भगवान बुद्धांच्या धम्मात मनाला जे स्थान आहे, ते अन्य कशालाही नाही. धम्मपदाचा आरंभच मनाच्या प्राधान्यापासून होतो. कर्म कुशल की अकुशल हे भगवंतांनी त्यामागील चेतनेवरून, म्हणजे हेतूवरून ठरविले. म्हणूनच मनाचा अभ्यास करणारे कोणतेही शास्त्र बौद्धांना परके वाटण्याचे कारण नाही. मेंदूविज्ञान हे असेच शास्त्र आहे. अपस्मार, कंपवात, पक्षाघात, नैराश्य अशा व्याधींनी पीडित असलेल्या असंख्य माणसांचे दुःख या शास्त्राने हलके केले आहे. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि ते दूर करता येते, ही दृष्टी ज्या विद्येत आहे तिचा आपण आदरच केला पाहिजे.

परंतु हीच विद्या सैन्याच्या आणि गुप्तहेर खात्यांच्या हाती जाते तेव्हा काय घडते? आपल्या समाजातील मुले-मुली आज वैद्यकीय, अभियांत्रिकी, मानसशास्त्र, संगणक या सर्व शाखांत शिकत आहेत. उद्या त्यांच्यापैकी कोणी प्रयोगशाळेत असेल, कोणी पोलीस खात्यात, कोणी सैन्यात, तर कोणी न्यायालयात. त्यांच्यासमोर हा प्रश्न केव्हा तरी उभा राहणारच आहे. त्या वेळी योग्य निर्णय घेता यावा म्हणून घडलेला इतिहास माहीत असणे आवश्यक आहे.

१. माँट्रिअलचे रुग्ण

१९५० ते १९५३ या काळात कोरियाचे युद्ध झाले. चीन व उत्तर कोरियाच्या कैदेत असलेल्या काही अमेरिकन सैनिकांनी शत्रूच्या बाजूची निवेदने केली. त्यावरून, शत्रूला माणसाचे मन धुऊन काढण्याची विद्या अवगत झाली आहे, असा भयगंड अमेरिकेत पसरला. या भयापोटी सी.आय.ए. या गुप्तहेर संघटनेचे प्रमुख अ‍ॅलन डलेस यांनी एप्रिल १९५३ मध्ये 'एमके-अल्ट्रा' या गुप्त प्रकल्पास मंजुरी दिली. औषधे, विजेचे झटके, संमोहन, एकांतवास अशा उपायांनी माणसाचे मन वाकविता येते काय, हे त्यांना शोधायचे होते.

त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात फ्रँक ओल्सन या अमेरिकन सैन्याच्या शास्त्रज्ञाला त्याच्या नकळत पेयातून एलएसडी हे भ्रम निर्माण करणारे द्रव्य देण्यात आले. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या खिडकीतून पडून त्याचा मृत्यू झाला. द्रव्य दिल्याची गोष्ट त्याच्या कुटुंबाला कळण्यास १९७५ साल उजाडले.

या प्रकल्पाचा पैसा कॅनडातील माँट्रिअल शहराच्या अ‍ॅलन मेमोरिअल या मनोरुग्णालयापर्यंतही पोहोचला. तेथील प्रमुख डॉ. डोनाल्ड ईवेन कॅमेरॉन हे सामान्य डॉक्टर नव्हते. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञ संघटनेचे ते अध्यक्ष होते आणि पुढे जागतिक संघटनेचेही पहिले अध्यक्ष झाले. त्यांच्याकडे चिंता, नैराश्य, बाळंतपणानंतरची उदासी अशा तक्रारी घेऊन साधी माणसे येत. त्यांना औषधांनी दिवसेंदिवस, काहींना तर आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवले जाई. नेहमीच्या प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक विजेचे झटके दिले जात. ध्वनिफितीवरील एकच वाक्य हजारो वेळा कानांवर आदळविले जाई. जुने मन पुसून नवे मन लिहिता येईल, अशी त्यामागची कल्पना होती. पुसण्याचे काम झाले, लिहिण्याचे मात्र झाले नाही. कित्येक रुग्ण आपला गतकाळ विसरले. काहींना आपली स्वतःची मुले ओळखता येईनात. उपचारासाठी आलेल्या या माणसांना आपण कोणत्या प्रयोगाचा भाग आहोत हे कोणीही सांगितले नव्हते.

येथे एक गोष्ट मुद्दाम नोंदविली पाहिजे. नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांतील कैद्यांवर जे प्रयोग केले, त्यांचा खटला न्यूरेंबर्ग येथे चालला. २३ आरोपींपैकी ७ जणांना फाशी झाली. त्या निकालातूनच १९४७ साली दहा कलमांची न्यूरेंबर्ग संहिता निर्माण झाली. प्रयोगास माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य आहे, हे तिचे पहिले कलम. कॅमेरॉन स्वतः १९४५ मध्ये न्यूरेंबर्ग येथे नाझी नेता रुडॉल्फ हेस याची मानसिक तपासणी करण्यासाठी गेले होते. ज्या शहरातून ही संहिता जगाला मिळाली, ते शहर पाहून आलेल्या डॉक्टरनेच पुढे हे केले. तेव्हा नियम माहीत असणे आणि शील अंगी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे लक्षात घ्यावे.

२. प्रयोगासाठी कोण निवडले गेले?

आपल्या दृष्टीने हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या केंटकी राज्यात लेक्झिंग्टन येथे व्यसनी कैद्यांसाठी सरकारी रुग्णालय होते. तेथे काही कैद्यांना सलग ७७ दिवस एलएसडी देण्यात आले. त्या प्रयोगांत वापरलेले कैदी बहुतांशी कृष्णवर्णीय होते. मोबदला म्हणून त्यांना, ज्या मादक द्रव्याच्या व्यसनातून मुक्त होण्यासाठी ते तेथे होते, तेच द्रव्य दिले जाई. अशा माणसाने होकार दिला तरी त्याला संमती म्हणता येईल काय?

कैदी, मनोरुग्ण, व्यसनी, वर्णाने तुच्छ लेखलेले अशा माणसांचीच निवड झाली. ज्यांच्या तक्रारीवर कोणी विश्वास ठेवणार नाही, त्यांच्यावर प्रयोग करणे सोपे असते. ज्या समाजाच्या स्पर्शाला, सावलीला आणि शब्दाला शतकानुशतके किंमत नव्हती, त्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

१९७३ मध्ये सी.आय.ए.चे तत्कालीन प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांच्या आदेशावरून या प्रकल्पाची बहुतेक कागदपत्रे नष्ट करण्यात आली. तरीही हिशेबाच्या दप्तरात पडून राहिलेले काही हजार कागद १९७७ मध्ये हाती लागले. त्यांवरून १४९ उपप्रकल्प आणि ८० संस्थांचा संबंध उघड झाला. त्यांपैकी ४४ महाविद्यालये व विद्यापीठे होती. म्हणजे हे काम अंधाऱ्या तळघरात बसलेल्या चार माथेफिरूंचे नव्हते. पदवीधर, प्रतिष्ठित आणि आपापल्या घरी सज्जन समजल्या जाणाऱ्या माणसांचे होते. १९८८ मध्ये नऊ कॅनेडियन फिर्यादींशी अमेरिकन सरकारने साडेसात लाख डॉलरवर तडजोड केली. १९९२ मध्ये कॅनडा सरकारने ७७ जणांना प्रत्येकी एक लाख डॉलर दिले. पैसे मिळाले, पण पुसलेल्या आठवणी परत मिळाल्या नाहीत.

३. तीच चूक पुन्हा

इतिहासापासून धडा घेतला गेला असता तर हा लेख येथेच संपला असता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर सी.आय.ए.ने दोन मानसशास्त्रज्ञांच्या सल्ल्याने कैद्यांच्या चौकशीची पद्धत ठरविली. झोप न देणे, कोंडून ठेवणे, बुडण्याची भीती घालणे हे प्रकार त्यात होते. त्यामागे 'शिकलेली असहायता' हा सिद्धांत होता. १९६० च्या दशकात कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून तो निघाला होता. सुटकेचा मार्गच नाही असे वारंवार अनुभवास आले की प्राणी प्रयत्न सोडून देतो, असे त्यात दिसले होते. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला समजून घेण्यासाठी उपयोगी पडलेले ज्ञान येथे माणसाला असहाय करण्यासाठी वापरले गेले. एका कैद्याला ८३ वेळा पाण्याने गुदमरविण्यात आले. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीने, ही पद्धत माहिती मिळविण्यासही परिणामकारक ठरली नाही, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

याचे कारण मेंदूविज्ञानातच आहे. स्मृती म्हणजे कपाटात ठेवलेली वही नव्हे. प्रत्येक वेळी आठवताना मेंदू ती नव्याने जुळवितो. झोपेचा अभाव, वेदना आणि भय यांमुळे ही जुळणीच बिघडते. म्हणजे जी गोष्ट मिळवायची, तीच छळाने नासते. ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञ संघटनेने आपल्या सभासदांना अशा राष्ट्रीय सुरक्षाविषयक चौकशीत भाग घेण्यास मनाई केली.

४. आपल्या देशातील प्रश्न

हे सर्व परदेशातले आहे असे समजून आपण निर्धास्त राहू नये. आपल्याकडे पोलीस तपासात नार्को चाचणी, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग यांचा वापर होऊ लागला. ब्रेन मॅपिंगमध्ये आरोपीच्या डोक्याला विद्युत्‌ग्राहक लावतात व गुन्ह्याविषयीची वाक्ये त्याला ऐकवितात. त्याने एक शब्दही बोलायचा नसतो. मेंदूच्या विद्युतलहरींवरून, ती घटना त्याने अनुभवली आहे काय, हे यंत्र सांगते असा दावा केला जातो. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दिलेल्या जन्मठेपेच्या निकालात अशा चाचणीचा आधार घेतला गेला आणि त्याची चर्चा जगभर झाली.

परंतु तीच गोष्ट आरोपीने पोलिसांच्या तोंडून, वर्तमानपत्रातून किंवा शेजाऱ्याकडून ऐकली असेल तर? भीतीने त्याच्या मनात तिचे चित्र उभे राहिले असेल तर? भगवंतांनी कालामांना जो उपदेश केला तो येथे आठवावा. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नये, ती पारखून घ्यावी, असे भगवंतांनी त्यांना सांगितले. यंत्राने सांगितले म्हणून मानणे ही या युगातील नवी अंधश्रद्धा आहे.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. या तिन्ही चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत, तसे करणे घटनेच्या कलम २० (३) आणि कलम २१ चा भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, हे २० (३) चे सार. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, त्या समितीने घडविलेल्या घटनेतील हे कलम साठ वर्षांनी माणसाच्या कवटीच्या आत त्याचे रक्षण करण्यास उभे राहिले. हा निर्णय प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावा आणि वस्तीतील गरिबांना समजावून सांगावा. कारण संशयाने प्रथम उचलले जातात ते गरीबच, आणि 'सही कर' म्हटले की सही करतात तेही गरीबच.

५. ध्यानही शस्त्र होऊ शकते काय?

हा प्रश्न थेट आपल्या घरचा आहे. गेल्या काही वर्षांत अमेरिकन सैनिकांना 'माइंडफुलनेस'चे, म्हणजे स्मृतीच्या साधनेचे प्रशिक्षण देण्यात आले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, युद्धावर जाण्यापूर्वीच्या तणावात नियमित सराव करणाऱ्या सैनिकांची कार्यस्मृती टिकून राहिल्याचे दिसले. शांत चित्ताचा सैनिक घाबरून निरपराधावर गोळी झाडणार नाही आणि परत आल्यावर त्याचे घरही उद्ध्वस्त होणार नाही, हा त्यातील लाभ नाकारता येत नाही. पण भगवंतांनी सम्यक स्मृती एकटी सांगितली नाही. सम्यक दृष्टी, सम्यक संकल्प, सम्यक आजीविका यांच्यासह ती आठ अंगांपैकी एक अंग आहे. निशाणा स्थिर व्हावा एवढ्यासाठीच चित्त स्थिर केले तर त्या साधनेत धम्माचे काय उरले, याचा विचार झाला पाहिजे.

६. निर्णय कसा करावा?

सैन्याचे प्रत्येक संशोधन पापच आहे असे म्हणणे अविचाराचे होईल. हात गमावलेल्या सैनिकाला मेंदूच्या संकेतांवर चालणारा कृत्रिम हात मिळावा म्हणून अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पैसा पुरविला, आणि त्याचा लाभ उद्या अपघातात हात गमावलेल्या गिरणी कामगारालाही होऊ शकेल. मग चांगले कोणते व वाईट कोणते हे कसे ओळखावे? विद्यार्थ्यांनी पुढील चार प्रश्न स्वतःला विचारावेत :

(१) ज्याच्या मनावर हा प्रयोग होतो आहे, त्याला सर्व काही सांगितले आहे काय, आणि 'नाही' म्हणण्याची मोकळीक त्याला खरोखर आहे काय? तुरुंगातील कैद्याचा आणि वरिष्ठांच्या आज्ञेखालील सैनिकाचा होकार विशेष काळजीने तपासावा लागतो.

(२) हे काम त्याचे दुःख कमी करण्यासाठी आहे की त्याला वाकविण्यासाठी? चेतना तपासावी.

(३) हे काम उघड्यावर सांगता येईल काय? जे लपवावे लागते, ज्याची कागदपत्रे जाळावी लागतात, त्याविषयी सावध राहावे.

(४) हाच प्रयोग माझ्या आईवर, माझ्या मुलावर झाला तर मला चालेल काय? मैत्रीची कसोटी हीच.

यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर जरी समाधानकारक नसेल, तरी थांबावे, विचारावे आणि आवश्यक तर नकार द्यावा. शस्त्रांचा आणि विषाचा व्यापार उपासकाने करू नये, असे भगवंतांनी सांगितले आहे. ज्ञानही मन मारण्यासाठी विकले गेले तर ते विषच होय.

जगही हळूहळू जागे होत आहे. २०२१ मध्ये चिली या देशाने मेंदूच्या व्यवहारांना व त्यातून मिळणाऱ्या माहितीला घटनेतच संरक्षण दिले. त्याच वर्षी रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या सदस्य राष्ट्रांनी, मज्जासंस्थेवर परिणाम करणारी द्रव्ये कायदा-सुव्यवस्थेच्या नावाखाली हवेत फवारून वापरणे करारात बसत नाही, असा ठराव केला. २००२ मध्ये मॉस्कोच्या नाट्यगृहात ओलिसांना सोडविण्यासाठी अशा वायूचा वापर झाला आणि शंभरावर ओलीस मृत्युमुखी पडले, हा अनुभव जगासमोर होताच. परंतु कायदा नेहमी मागून येतो. तो येईपर्यंत प्रयोगशाळेत उभ्या असलेल्या माणसाचे शील हेच एकमेव संरक्षण असते.

बाबासाहेबांनी आपल्याला शिकण्यास सांगितले, त्याबरोबरच शीलाशिवाय विद्या घातक ठरते हेही वारंवार बजावले. माँट्रिअलच्या त्या रुग्णालयात विद्येची कमतरता नव्हती. कमतरता होती ती एखाद्या परिचारिकेने, एखाद्या विद्यार्थ्याने, एखाद्या साहाय्यक डॉक्टरने पुढे येऊन 'हे मी करणार नाही' असे म्हणण्याची. आपल्या मुलांपैकी कोणी उद्या अशा ठिकाणी उभा असेल, तर ते वाक्य त्याच्या तोंडून निघावे, एवढ्यासाठीच हा अभ्यास.

जयभीम! नमो बुद्धाय!