तेरा डॉलरचे वेलदोडे

बँकेतून निवृत्त झाले तेव्हा ३३ वर्षांच्या कॅशमध्ये माझ्या नावावर तीन 'शॉर्ट' होते. त्यातला मोठा ५०० रुपयांचा. तिन्ही वेळा मी पदरचे पैसे भरले आणि संध्याकाळी टॅली झाल्याशिवाय खुर्ची सोडली नाही. अशा बाईला न्यू जर्सीतल्या एका सुपरमार्केटच्या मागच्या खोलीत चाळीस मिनिटं बसवून ठेवलं होतं. संशय होता वेलदोड्यांची बाटली चोरल्याचा.

वर्षभर मी हे सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नाही. आता सांगते, कारण आमच्या सांगलीच्या गल्लीतच चार घरं अशी आहेत की जिथले आई-वडील दरवर्षी सहा महिने मुलांकडे जातात. त्यांना बॅगेचं वजन किती, लोणचं चालतं का, गोळ्यांची चिठ्ठी कुठे ठेवायची हे सगळं सांगितलं जातं. दुकानातलं मशीन कसं वापरायचं, हे कुणी सांगत नाही. मुलांना वाटतं, त्यात काय सांगायचंय!

जानेवारी होता. संक्रांत दोन दिवसांवर आणि त्याआधी बर्फाचा इशारा. तिकडे बर्फ पडणार म्हटलं की अख्खं गाव दूध, पाव आणि अंडी आणायला धावतं. ओक ट्री रोडवरच्या आपल्या दुकानांपर्यंत जाऊन यायला वेळ नव्हता. सून म्हणाली, "आई, वेलदोडे इथल्या दुकानातच घ्या, जरा महाग पडतील, पण गुळपोळी अडायला नको." मुलाने मला दारात उतरवलं आणि तो पेट्रोल भरायला गेला. जाता जाता सांगते, न्यू जर्सीत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला १९४९ पासून कायद्याने बंदी आहे. अख्ख्या अमेरिकेत आता हे एकच राज्य तसं उरलंय. तिथे माणूस येऊन नळी लावून देतो, तुम्ही गाडीतून उतरायचंही नाही. आणि त्याच राज्यात किराणा मालाचं बिल मात्र पासष्टीच्या बाईने स्वतः करायचं.

आत गेले ती आपली कापडी पिशवी खांद्याला लावून. मे २०२२ पासून तिथे प्लास्टिकच्या पिशव्या बंद आहेत आणि मोठ्या किराणा दुकानांना कागदी पिशवीही देता येत नाही, त्यामुळे घरून पिशवी नेणं सक्तीचंच. केळी, कोथिंबीर, दूध ट्रॉलीत ठेवलं. वेलदोड्यांची बाटली बोटाएवढी. ती ट्रॉलीच्या जाळीतून दोनदा खाली घसरली. तिसऱ्यांदा मी ती उचलून खांद्यावरच्या पिशवीत टाकली. मंडईत आयुष्यभर हेच केलंय. मिरच्या पिशवीत, आलं पिशवीत, पैसे देताना काढून दाखवायचं. दुकानात ऊब होती म्हणून वरून हातमोजे आणि मफलरही त्याच पिशवीत कोंबले.

पैसे द्यायला आले तर माणूस बसलेला काउंटर एकच चालू. त्याची रांग पावाच्या मांडणीपर्यंत. दुसरीकडे सहा मशीन, त्यांना मिळून एक रांग आणि सगळ्यांवर देखरेखीला एकटी मुलगी, इकडून तिकडे पळणारी. मी मशीनच्या रांगेत लागले. माझ्यामागे दोन्ही हातांत दुधाचे गॅलन घेतलेला एक उंच गृहस्थ होता. तो काही बोलत नव्हता, फक्त उसासे टाकत होता.

कॅश केबिनच्या जाळीआड बसून मी असे हजारो उसासे ऐकले आहेत. पितळी टोकन काचेवर टकटक वाजवणारे, घड्याळाकडे बघून मोठ्याने खाकरणारे, 'बाई, आज पगार मिळेल ना?' विचारणारे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या हेड कॅशिअरनी सांगितलं होतं, "बाई, रांगेकडे बघू नका, नोटांकडे बघा." पुढे तीस वर्षं मी हे वाक्य नव्या पोरांना ऐकवलं. आणि त्या दिवशी मशीनपुढे उभी राहिल्यावर पाच मिनिटांत तीनदा मागे वळून बघितलं.

आता मशीन कसं चालतं ते सांगायला हवं, कारण चूक तिथेच झाली. वस्तूवरच्या काळ्या रेघा काचेवर धरल्या की किंमत लागते, हे सगळ्यांना दिसतं. न दिसणारी गोष्ट ही, की बाजूला पिशवी ठेवायची जी जागा असते तिच्याखाली वजनकाटा असतो. दुधाच्या डब्यावरच्या रेघा वाचल्या की काट्यावरचं वजन किती वाढायला हवं हे मशीनला ठाऊक असतं. तेवढं वाढलं नाही किंवा जास्त वाढलं की वरचा दिवा लुकलुकतो आणि मशीन थांबतं. घरची पिशवी ठेवली तर तिचंही वजन लागणारच. त्यासाठी पडद्यावर 'माझी पिशवी' असं बटण असतं. ते दाबून पिशवी ठेवली की ते वजन मशीन शून्य धरतं.

मी बटण दाबलं, पिशवी ठेवली. मफलर, हातमोजे आणि तळाशी वेलदोडे, सगळं मिळून शून्य.

पुढे केळी आली. रेघा नसलेल्या भाजी-फळांना नंबर असतो. केळ्यांचा ४०११, कोथिंबिरीचा ४८८९, सेंद्रिय असेल तर आधी ९ लावायचा. तो स्टिकरवर किंवा जुडीच्या तारेवर छापलेला असतो. कोथिंबिरीचा नंबर टाकण्यात गोंधळ झाला, दिवा लागला, ती मुलगी धावत आली, कार्ड लावून मशीन मोकळं केलं आणि माझ्याकडे न बघताच दुसरीकडे गेली. मागून उसासा. मी भराभर उरलेलं वाचून घेतलं, पिशवीत कोंबलं, कार्डाने पैसे दिले, पावती घेतली. दारापाशी साध्या कपड्यांतले एक बाई आणि एक पुरुष पुढे आले. "मॅडम, एक मिनिट."

खोलीत टेबलावर त्यांनी पिशवी रिकामी केली. तळातून बाटली निघाली. मग त्यांनी पडद्यावर चित्रण दाखवलं. मांडणीपुढे एक म्हातारी इकडेतिकडे बघते (मी हळदीच्या बाटल्या शोधत होते), बाटली पिशवीत टाकते, वर मफलर टाकते. खोटं कशाला सांगू, मी स्वतः चौकशी अधिकारी असते तर मीही शेरा 'चोरी' असाच मारला असता.

त्यानंतर मी एक मोठी चूक केली. पर्समधून वीस डॉलरची नोट काढून त्यांच्यापुढे सरकवली आणि म्हटलं, घ्या, वरचेही ठेवा. आपल्याकडे प्रकरण मिटवायची ही सरळ रीत. त्या बाई खुर्चीसकट मागे सरकल्या. मुलाने नंतर समजावलं की असे पैसे पुढे करणं म्हणजे कबुली दिल्यासारखं दिसतं, आणि त्याहून वाईट म्हणजे लाच दिल्यासारखं.

वाचवलं ते बँकेच्या सवयीने. त्यांनी एक छापील कागद पुढे केला, सही करा म्हणाले. न वाचता मी ३३ वर्षांत व्हाउचरवरही सही केली नाही. मी हात जोडून म्हटलं, मुलगा बाहेर आहे, तो येईपर्यंत सही नाही. आवाज चढवला नाही, रडलेही नाही, उठून चालायलाही लागले नाही. मुलगा आला. त्याने विनंती केली की मशीनपाशी काय झालं तेही बघा. मॅनेजरने बघितलं. मी बटण दाबलेलं, पिशवी सगळ्यांदेखत उघडी ठेवलेली, कोथिंबिरीशी झटापट केलेली आणि ६१ डॉलरचं बिल पुरतं भरलेलं. १३ डॉलरसाठी एवढं नाटक कुणी करणार नाही, हे त्याला पटलं असावं. बाटलीचे पैसे काउंटरवर वेगळे भरले आणि आम्ही निघालो. गाडीत कुणी बोललं नाही.

मॅनेजरला पटलं नसतं तर काय झालं असतं, ते मुलाने मला त्या रात्री नाही, महिन्याने सांगितलं. न्यू जर्सीच्या कायद्यात २०० डॉलरच्या आतल्या चोरीलाही सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विकत न घेतलेली वस्तू मुद्दाम लपवली, एवढ्यावरूनच चोरीचा हेतू गृहीत धरता येतो. म्हणजे दाराबाहेर पडायचीही गरज नाही. आणि आपल्यासारख्या पाहुण्यांना कैदेपेक्षा मोठी भीती व्हिसाची. व्हिसाच्या अर्जात स्पष्ट प्रश्न असतो, तुम्हाला कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का? सुटलात, माफी मिळाली, तरी उत्तर 'हो'च द्यावं लागतं. जुलै २०२५ मध्ये भारतातल्या अमेरिकी दूतावासाने जाहीरच बजावलं की तिथे चोरी, मारहाण, घरफोडी केली तर व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढच्यासाठीही अपात्र ठरू शकता. नातवंडांच्या मुंजी-लग्नाला जायचं की नाही, हे एका बाटलीवर ठरलं असतं.

म्हणून सांगते, घरची पिशवी न्या, पण ती दुकानात घडी करून ट्रॉलीत ठेवा आणि पैसे देईपर्यंत उघडू नका. बाटली जाळीतून घसरत असेल तर हातात धरा, नाहीतर पावाच्या पुड्यावर ठेवा. ट्रॉलीच्या खालच्या फळीवर तांदळाचं पोतं किंवा पाण्याचा खोका ठेवला असेल तर तोच सगळ्यात आधी वाचून घ्या, कारण तो नजरेआड असतो आणि हमखास राहून जातो. नातवंडांना मशीनचा 'बीप' फार आवडतो, पण त्यांच्या हातात वाचायचं काम देऊ नका. मशीन अडलं तर मनानेच पुढे जाऊ नका, त्या पळणाऱ्या मुलीला थांबवा. पैसे देण्याआधी पडद्यावरची यादी आणि पिशवीतल्या वस्तू मोजा. बारा वस्तू तर बारा ओळी. आम्ही याला टॅली म्हणायचो.

आणि थांबवलंच तर थांबा. पळणं, ओरडणं, पैसे पुढे करणं, न समजलेल्या कागदावर सही करणं, यातलं काही नको. इंग्रजी अडत असेल तर घरच्या माणसाला बोलावू द्या एवढंच म्हणा. पोलीस आले तर वकिलाशिवाय खुलासे देत बसू नका. २०२१ मध्ये अलाबामात एका बाईला ज्यूरीने २१ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली होती. स्वतः बिल करायच्या मशीनवर ४८ डॉलरच्या सामानावरून तिला चोर ठरवलं होतं, खटला टिकला नाही, तरी मिटवायला २०० डॉलर भरा अशी पत्रं येत राहिली. ती भांडली. आपण सहा महिन्यांचे पाहुणे, आपल्याला भांडायला एवढा वेळ कुठला?

राग मला मशीनचा नाही, त्याच्या हिशेबाचा येतो. १९१६ मध्ये मेम्फिसच्या 'पिगली विगली'ने गिऱ्हाइकाला स्वतः माल उचलायला लावलं आणि दुकानातली पोऱ्यांची फौज घटवली. १९८६ मध्ये अटलांटाजवळच्या एका दुसऱ्या दुकानाने बिल करायचं कामही गिऱ्हाइकाकडेच दिलं. काम आपलं, पगार शून्य, आणि शॉर्ट आला तर जबाबदार पुन्हा आपण. मला निदान कॅशिअरचा भत्ता तरी मिळायचा. दुकानांनाही हा सौदा पूर्ण पचलेला नाही. लेस्टर विद्यापीठाचे एड्रियन बेक यांनी २०२२ च्या अभ्यासात मांडलं की हिशेब न लागणाऱ्या तुटीतला २३ टक्क्यांपर्यंतचा वाटा अशा मशीनचा असतो. २०२३ मध्ये इंग्लंडच्या 'बूथ्स'ने जवळजवळ सगळ्या दुकानांतून ती काढून टाकली, २०२४ मध्ये अमेरिकेतल्या 'टार्गेट'ने दहा वस्तूंची मर्यादा घातली.

त्या तुटीत माझ्यासारखे वेंधळे किती आणि मुद्दाम करणारे किती, हे मशीनला कळत नाही. पण मुद्दाम करणारे असतात. त्याच संक्रांतीच्या तिळगुळाला एक चांगला शिकलेला मुलगा हसत हसत सांगत होता की तो महाग फळं काट्यावर ठेवतो आणि नंबर केळ्यांचा दाबतो. भोवतालचे हसले. मी म्हटलं, "अरे, तुझ्या केळ्यांमुळे माझ्या वेलदोड्यांवर कॅमेरा लागतो." त्याला संदर्भ माहीत नव्हता. मुलाने मला कोपराने डिवचलं.

आपल्याकडे मोठ्या दुकानात शिरताना पिशवीला प्लास्टिकची पट्टी आवळतात, निघताना पहारेकरी पावतीवर शिक्का मारतो. मला त्याचा फार राग यायचा. घरची माणसं आहोत का चोर, असं मी एकदा मोठ्याने म्हटलंही होतं. आता मीच पिशवी पुढे करते.

न्यू जर्सीत मी नंतर माणसाच्या काउंटरलाच उभी राहिले, रांग पावापर्यंत असो की दुधापर्यंत. तिथली कॅशिअर माझ्याच वयाची होती. नोटा मोजायला वेळ लावायची आणि मान वर करायची नाही.

पावतीचं सांगायचं राहिलं. ती घरी पोचेपर्यंत हातात ठेवा आणि फोनवर तिचा फोटो काढून ठेवा. त्या दिवसाची पावती मी पासपोर्टच्या पाकिटात जपून ठेवली होती, उद्या कुणी विचारलं तर दाखवायला. गेल्या महिन्यात काढून बघितली. तो गुळगुळीत कागद पांढरा पडलाय. ६१ डॉलर गेले, दूध गेलं, दुकानाचं नावही गेलं. केळी तेवढी वाचता येतात.