विटेवरचे स्थैर्य : मनःशांतीचा एक पाठ

भाविकहो, श्रीक्षेत्र पंढरपुरी येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात काही ना काही भार असतो. कोणाच्या घरी दीर्घ आजार असतो, कोणाच्या हातचे पीक गेलेले असते, तर कोणाचा मुलगा दुरावलेला असतो. दर्शनबारीत तासन्‌तास उभे राहून आपण श्रींच्या चरणांवर मस्तक ठेवतो. पापणी लवते न लवते तोच तो क्षण सरतो. बाहेर येताच गाडीची वेळ, जेवणाची सोय, चपला कोठे ठेवल्या याची आठवण, अशी चिंतांची रांग पुन्हा लागते. घरी पोहोचल्यावर पुष्कळांना एक हुरहूर जाणवते : देव पाहिला खरा, पण मन निवले का?

ही हुरहूर प्रामाणिक आहे. तिचे उत्तर श्रींच्या विटेवर उभे राहण्यातच सापडते.

पुंडलिकाची शिकवण

परंपरेने सांगितलेली कथा सर्वांना परिचित आहे. पूर्वायुष्यात आईवडिलांची हेळसांड करणारा पुंडलिक पश्चात्तापाने पालटला आणि त्यांच्या सेवेत रमला. त्याची सेवा पाहून प्रत्यक्ष भगवंत दारी आले. पुंडलिक त्या वेळी मातापित्यांचे चरण चुरीत होता. त्याने हातची सेवा सोडली नाही. एक वीट मागे सारली आणि देवाला तिच्यावर उभे राहण्याची विनंती केली. देव उभे राहिले, ते आजतागायत उभेच आहेत, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे.

या कथेचा मातृपितृभक्ती हा अर्थ तर आहेच. त्याच्या जोडीला आणखी एक अर्थ मनन करण्याजोगा आहे. दारात साक्षात परब्रह्म आले असताही पुंडलिकाचे चित्त हातातल्या कामावरून ढळले नाही. ‘देव निघून गेले तर?’ ही भविष्याची भीती त्याला शिवली नाही आणि ‘मी पूर्वी किती चुकलो’ ही भूतकाळाची टोचणीही त्याला अडवू शकली नाही. जो क्षण समोर होता, त्यात तो पूर्णपणे होता. म्हणूनच त्याच्या दारी देवालाही थांबावेसे वाटले. चंद्रभागेच्या वाळवंटातील पुंडलिकाच्या मंदिराचे दर्शन आधी घेऊन मग श्रींकडे जाण्याची प्रथा आहे. तिच्यामागील हा भाव ध्यानी घ्यावा.

मन अस्थिर का होते?

देह एका ठिकाणी आणि मन दुसऱ्या ठिकाणी, ही अशांतीची मूळ अवस्था होय. झालेल्या गोष्टींचा खेद आणि न झालेल्या गोष्टींची काळजी या दोन टोकांमध्ये मन हेलकावे खाते. श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने हीच तक्रार केली आहे. मनाला आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण आहे, असे तो म्हणतो. भगवंतांनी त्याची अडचण मान्य केली आणि अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगितले. मन जेथे जेथे भटकेल तेथून त्याला पुन्हा पुन्हा परत आणावे, हा त्या अभ्यासाचा गाभा आहे. श्रीज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवासे येथे हाच अध्याय मराठीत विस्ताराने उलगडून दाखविला.

यात एक मोठा दिलासा आहे. मन भटकणे हा दोष मानू नये. ते भटकले आहे हे ध्यानात येणे म्हणजेच परत येण्याचा आरंभ होय.

क्षेत्री करावयाचा अभ्यास

१. नदीकाठी : चंद्रभागेच्या काठी आल्यावर घाई करू नये. पाण्याचा गारवा, पायाखालची वाळू, घाटावरील टाळमृदंगाचा नाद यांकडे थोडा वेळ लक्ष द्यावे. खोल पाण्यात उतरू नये.

२. दर्शनबारीत : रांगेतील वेळ वाया गेला असे मानू नये. दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे. श्वास सावकाश घ्यावा, त्याहून सावकाश सोडावा आणि प्रत्येक श्वासाबरोबर मनातल्या मनात नाम घ्यावे. जे मागणे असेल ते येथेच मनोमन मांडून मोकळे व्हावे. पुढे वृद्ध किंवा लेकुरवाळी माउली असल्यास तिला सावरून घ्यावे. तोही या अभ्यासाचाच भाग आहे.

३. श्रींसमोर : पुष्कळ भाविक नेमके दर्शनाच्या क्षणी डोळे मिटून घेतात. तसे न करता डोळे भरून पाहावे. विटेवरील समचरण, कटीवरील हात, गळ्यातील तुळशीमाळ, मुखावरील प्रसन्नता यांपैकी एक जरी खूण मनावर उमटली तरी ती वर्षभर पुरते.

४. दर्शनानंतर : देवळातून लगेच परत फिरू नये, क्षणभर टेकावे, असे आपल्या घरची वडीलधारी माणसे सांगत आली. जेथे बसण्यास मोकळीक असेल तेथे दहा मिनिटे शांत बसावे. मोबाईल बंद असावा. काही मागू नये, काही ठरवू नये. नुकतेच पाहिलेले रूप आठवावे.

५. घरी गेल्यावर : रोज ठरावीक वेळी, देवघरासमोर, आरंभी दहाच मिनिटे बसावे. पाठ ताठ, पण अंग सैल असावे. एखाद्या दिवशी खंड पडल्यास खंत न करता दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे.

काही शंका

प्रपंच सोडावा लागेल का? मुळीच नाही. पुंडलिकाला देव भेटला तो घरातच. भाकरी थापताना भाकरीत, हिशेब करताना हिशेबात, आजाऱ्याची शुश्रूषा करताना त्याच्या वेदनेत मन असणे, हीच खरी साधना. दान देतानाही नाव व पावती यांत मन न गुंतविता, कोणा अनोळखी भुकेल्याच्या मुखी घास जाणार आहे, हा भाव क्षणभर धरावा.

दुःख नाहीसे होईल का? असे आश्वासन कोणी देऊ नये. आजार राहील, कर्जही राहील. परंतु स्थिर चित्ताने पुढचे पाऊल दिसते आणि उद्याचे ओझे आजच वाहण्याचे कष्ट वाचतात. मन दीर्घकाळ खिन्न राहत असेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर साधनेबरोबरच वैद्यांचा सल्ला अवश्य घ्यावा. त्यात श्रद्धेला कोठेही उणेपणा येत नाही.

भाविकहो, देव आपल्यासाठी युगानुयुगे थांबला आहे. त्याच्यासमोर क्षणभर थांबणे एवढेच आपल्या हाती आहे. ते थांबणे येथून घरी घेऊन जावे; याहून मोठा प्रसाद तो कोणता?

॥ श्रीविठ्ठलार्पणमस्तु ॥