घरातील छुपा दोष : जबाबदारी कोणाची?

घर घेतले, खरेदीखत झाले, पूर्ण रक्कम चुकती केली. पहिल्याच पावसाळ्यात नव्या रंगाखालून ओल फुटली, स्लॅबचे पोपडे पडले आणि आतले गंजलेले गज दिसू लागले. विक्रेता म्हणतो, "तुम्ही पाहूनच घेतले होते." हे उत्तर पुरेसे आहे काय, याचा आपण विचार करू.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विचारून प्रेषितांनी (स.) फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, धान्य पावसाने भिजले, त्यात विक्रेत्याचा अपराध नव्हता. अपराध होता तो ते खाली झाकून ठेवण्यात.

फिकहमध्ये खरेदीदाराच्या या हक्काला 'खियारे ऐब' म्हणतात. दोष ताबा घेण्यापूर्वीचा असावा, खरेदीदारास तो ठाऊक नसावा आणि जाणकारांच्या मते त्याने किंमत घटत असावी. असे असल्यास खरेदीदार व्यवहार रद्द करून पैसे परत मागू शकतो. विक्रेत्यालाही दोष ठाऊक नव्हता, तरी हा हक्क बुडत नाही. फक्त लपविल्याचे पाप त्याच्यावर येत नाही. मात्र दोष कळल्यावरही घर वापरीत राहिल्यास ती संमती ठरू शकते. म्हणून विलंब करू नये.

देशाचा कायदा काय सांगतो? मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 नुसार, विक्रेत्यास माहीत असलेला पण खरेदीदारास सर्वसाधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. न सांगणे ही फसवणूक मानली जाते. करारात वेगळे ठरले असल्यास गोष्ट निराळी. म्हणून करार नीट वाचावा. भिंतीवरची उघडी भेग मात्र आपणच पाहायची असते. बिल्डरकडून घेतलेल्या घराबाबत 2016 च्या रेरा कायद्याचे कलम 14 आहे. ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष निदर्शनास आणल्यास बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो.

आता आपल्या कारागीर बांधवांविषयी. घर विकण्यापूर्वी मालक गवंड्याला, रंगाऱ्याला बोलावतो आणि सांगतो, "ओल दिसणार नाही असे करून दे." गळती बंद करणे ही दुरुस्ती आहे, गळती तशीच ठेवून वर पुट्टी फिरविणे ही फसवणुकीला मदत आहे. ती मजुरी घेताना आपल्या कमाईचा विचार करावा. मालकाला स्पष्ट सांगावे, "दुरुस्ती करून देतो, झाकून देणार नाही."

खरेदीदाराने घर शक्यतो पावसाळ्यात पाहावे. मोठ्या व्यवहारात इंजिनिअरची फी वाचवू नये. ओल, वाळवी, पूर्वीची गळती यांविषयी विक्रेत्याला लेखी विचारावे. दोष आढळताच फोटो काढावेत व लेखी नोटीस द्यावी.

विक्रेत्याने माहीत असलेला दोष करारातच लिहून द्यावा. भाव थोडा उतरेल, पण सांगून विकलेल्या दोषाची तक्रार पुढे कोणी आणू शकत नाही, आणि हाती येणारा पैसा हलाल राहतो.