ऑस्कर आणि अरोवाना एकाच टाकीत: ऑर्डर घेण्याआधीचा हिशेब

अ‍ॅक्वेरियम सेवेच्या व्यवसायावरच्या व्हिडिओत एक मुद्दा घाईत सुटला, आणि नवीन दुकानदाराला तोच सगळ्यात महाग पडतो. म्हणून तो इथे नीट घेतो.

गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, "भाऊ, हा ऑस्कर न् हा लांब चांदीवाला, दोन्ही एकाच टाकीत राह्यते ना?" त्या दिवशी ऑस्कर दोन-अडीच इंचाचा असतो, सिल्व्हर अरोवाना पाच-सहा इंचाचा. चार फुटी टाकी समोर तयारच आहे. तुम्ही "हो, राहतात" म्हणता आणि बिल फाडता. उत्तर खरं आहे, फक्त ते पहिल्या सहा महिन्यांपुरतं खरं आहे.

ऑस्कर वर्षभरात आठ-दहा इंचांचा होतो आणि पुढे फूटभर. अरोवाना नीट खाऊ घातला तर पहिल्याच वर्षात फुटाच्या पुढे जातो, आणि घरच्या टाकीतसुद्धा दोन-अडीच फुटांपर्यंत वाढतो. दोन्ही मासे दहा वर्षं किंवा जास्त जगू शकतात. "टाकी लहान ठेवली की मासा लहान राहतो" असं बरेच दुकानदार सांगतात. मासा खुंटतो हे खरं, पण तो खराब पाण्याने आणि वाकलेल्या पाठीने खुंटतो. ते वाक्य तुमच्या तोंडून कधी जाऊ देऊ नका.

आता हिशेब करू. एक घनफूट म्हणजे साधारण 28.3 लिटर. चार बाय दोन बाय दोनची टाकी 16 घनफूट, म्हणजे साडेचारशे लिटर. मोठ्या अरोवानाला वळायला रुंदी लागते, लांबी नंतर. माझ्या मते या जोडीसाठी शेवटची टाकी आठ बाय तीन बाय दोन. 48 घनफूट, साधारण 1,360 लिटर. नुसतं पाणीच 1,360 किलो. काच, स्टँड, दगड धरून दीड टनाच्या वर वजन जातं. ते तळमजल्यावरच शोभतं. वरच्या मजल्यावर ठेवायचं असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. गिऱ्हाइकाला हा आकडा पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्या. दहातली आठ माणसं तिथेच थांबतील. थांबू द्या, त्यांच्यासाठी पुढे दुसरा माल सांगतो.

जे थांबत नाहीत त्यांच्यासाठी जोडीचा नियम सोपा आहे: जे तोंडात मावतं ते पोटात जातं. म्हणून दोघांचा आकार जुळता हवा. अरोवाना पृष्ठभागाजवळ फिरतो, ऑस्कर मधल्या आणि खालच्या पाण्यात, त्यामुळे जागेवरून भांडण कमी होतं. पण ऑस्कर हा इलाका धरणारा मासा. त्याला आधी सोडलात तर सगळी टाकी त्याची होते आणि नंतर आलेल्या अरोवानाच्या मिशा तो कुरतडतो. म्हणून आधी अरोवाना, किंवा दोन्ही एकाच दिवशी. टाकीच्या मापाची जाळी किंवा प्लास्टिकचा पडदा दुकानात कापून ठेवा. पहिल्या आठवड्यात त्याची गरज पडू शकते. आणि झाकण! अरोवाना निसर्गात पाण्याबाहेर उडी मारून किडे पकडतो. रात्री दिवा अचानक लागला की तो उसळतो. झाकणावर वजन नसेल तर सकाळी मासा फरशीवर सापडतो, आणि फोन तुम्हालाच येतो.

यवतमाळात तीन गोष्टी टाकी मारतात: ऊन, वीज आणि पाणी. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की बंद खोलीतली टाकी सहज तापते. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 35 अंशांना सातच्या जवळ. म्हणजे मासे मोठे, घाण जास्त, आणि श्वासाला ऑक्सिजन कमी. अशात वीज गेली की फिल्टर बंद. फिल्टरमध्ये अमोनिया खाणारे जिवाणू असतात, त्यांनाही ऑक्सिजन लागतो. काही तासांत ते मरायला लागतात. म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप टाकीच्या किमतीतच धरा, 'घ्यायचा असेल तर घ्या' म्हणून वेगळा विकू नका. टाकी कूलरच्या खोलीत ठेवायला सांगा, पाण्यावर छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र हीटर लागतोच.

पाण्याचं तर विचारूच नका. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोहचं पाणी आटलं आणि शहर टँकरवर आलं, ते दिवस आठवतात ना? 1,360 लिटरच्या टाकीचं आठवड्याला चौथा भाग पाणी बदलायचं तर 340 लिटर लागतं. दोनशे लिटरचे जवळपास पावणेदोन ड्रम. ज्या घरी पिण्याच्या पाण्याची ओढाताण आहे, तिथे ही टाकी विकणं मला पटत नाही. ज्याच्याकडे बोअर आहे त्याचं पाणी आधी तपासा. नळाचं असेल तर क्लोरीन काढणारं औषध टाकल्याशिवाय ओतू नका. काढलेलं पाणी फेकू नका, कुंड्यांना आणि झाडांना ते खतासारखं लागतं.

एक गोष्ट खास आपल्या जिल्ह्याची. अरोवाना नाकतोडे आवडीने खातो, म्हणून पोरं कपाशीच्या वावरातून नाकतोडे धरून आणतात. फवारणीच्या दिवसांत ते अजिबात चालणार नाही. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यातली माणसं गेली, तिथे मासा कुठे टिकणार! घरात डास मारायचा स्प्रेही टाकीजवळ नको. त्यातली बरीच औषधं माशांना फार विषारी असतात. रोजच्या खाण्याला मोठ्या माशांच्या गोळ्या आणि सोललेली कोळंबी पुरे. जिवंत गोल्डफिश टाकले की आजारही टाकीत येतो.

आता पैसा. मासा विकून एकदाच नफा मिळतो. खरं उत्पन्न देखभालीत आहे. हे आकडे समजा म्हणून धरलेले आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला. आठवड्याच्या एका फेरीचे 500 रुपये. पेट्रोल 60, औषध-कापूस 40, मदतनीस 150. हातात 250 उरले. महिन्याच्या चार फेऱ्यांचे एका टाकीमागे 1,000. बारा टाक्या झाल्या तर 12,000. एका फेरीला दीड तास धरला तर महिन्याला 72 तास काम, म्हणजे तासाला 166 रुपये. हा तासाचा दर काढल्याशिवाय फेरीचा भाव ठरवू नका. बाराव्या टाकीनंतर दिवस कमी पडायला लागतो आणि मग माणूस स्वस्तात राबतो.

आणि ती दहातली आठ माणसं? त्यांना दोन ऑस्कर द्या, चार बाय दोन बाय दोनच्या टाकीत, दोन्ही एकाच वयाचे. ऑस्कर मालकाला ओळखतो, खाणं मागायला काचेपाशी येतो. पाणी बदलायला आठवड्याला एकशे दहा-पंधरा लिटर पुरतं. बहुतेक घरांना खरं म्हणजे हेच हवं असतं. अरोवाना त्यांना हवा असतो तो 'भाग्याचा मासा' म्हणून. भाग्य विकू नका बुवा. मासा मेला की "घरावरचं संकट त्याने घेतलं" असं समजावण्याची पद्धत आहे, पण दुसऱ्यांदा मेला की गिऱ्हाईक तुम्हालाच संकट समजतं.

कायद्याचं थोडक्यात: लाल किंवा सोनेरी आशियाई अरोवाना आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वात कडक यादीत आहे. 2022 च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनंतर आणि 2024 च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कागद नसलेला मासा कुणी स्वस्तात दिला तरी घेऊ नका.

शेवटचं कलम देखभालीच्या करारात ठळक अक्षरात छापा: मासा झेपला नाही तर तो दुकानात परत येईल, नदी-तलाव-विहिरीत सोडला जाणार नाही. ऑगस्ट 2018 च्या पुरानंतर केरळच्या चालकुडी नदीत अरोवानाचा मोठा नातलग अरापायमा आणि अ‍ॅलिगेटर गार हे परदेशी मासे सापडले. आपल्याकडे उजनीत काचेच्या टाकीतला सकर मासा मच्छीमारांच्या जाळ्यात भरतो आणि जाळी फाडतो. बेंबळा धरणावर जगणाऱ्या भोई कुटुंबांच्या जाळ्यात तुमच्या दुकानातला मासा यायला नको. परत घेताना पैसे देऊ नका, पण आणायला गाडी तुमची पाठवा. नाही तर माणूस रात्री बादली घेऊन तलावावर जातोच. आणि हे कलम छापायच्या आधी दुकानाच्या मागच्या खोलीत एक मोठी टाकी रिकामी, फिल्टर चालू ठेवून तयार करा. ती तुमच्या भांडवलात पहिल्या दिवसापासून धरा.