सायकलीचे छर्रे स्वतः बदला, चाकाचा हब वाचवा

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात आजही अनेकांची रोजी सायकलीवर चालते. औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे कामगार, पहाटे पाव पोहोचवणारे, सातपाटीची मासळी विकणारे आणि आम्हा कापडवाल्यांकडून गठ्ठा उचलून पाड्यांवर फेरी करणारे बांधव, या सर्वांचे वाहन तेच. अशा माणसाची सायकल अडली तर दुरुस्तीचा खर्च होतोच, शिवाय त्या दिवसाची कमाईही जाते. म्हणून चाकाचे छर्रे बदलण्याचे हुनर प्रत्येकाने शिकून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

चाक आसाभोवती सहज फिरते ते छऱ्यांमुळे. पॅरिसचे झ्यूल सुरिरे यांनी १८६९ साली सायकलीसाठी छऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. आजही तत्त्व तेच आहे. हबमधला कप आणि आसावरचा कोन यांच्यामध्ये ग्रीसमध्ये बसलेले छर्रे लोळत राहतात. आपल्याकडे समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. पाणी व धूळ आत गेली, ग्रीस संपले, की छर्रे गंजतात आणि खरखरीत छर्रा कोन व कप कुरतडतो. छर्रे ही सर्वांत स्वस्त वस्तू. कोन त्याहून महाग. हबच गेला तर सारे आरे सोडून चाक नव्याने बांधावे लागते. नुकसान होते ते या दिरंगाईत.

दोष ओळखणे सोपे आहे. चाक उचलून हाताने फिरवा. खरखर जाणवली तर छर्रे पाहण्याची वेळ झाली. रिम धरून डावी-उजवीकडे हलवा. चाक खुळखुळत असेल तर कोन सैल आहे किंवा झिजला आहे.

आता माप. आपल्या धंद्यात सूत म्हणजे धागा. लोखंडी मालाच्या बाजारात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. साध्या सायकलीच्या पुढच्या चाकाला बहुधा दीड सुती छर्रे लागतात, प्रत्येक बाजूस १०. मागच्या चाकाला दोन सुती, प्रत्येक बाजूस ९. तरीही जुने छर्रे मोजून घ्यावेत आणि नमुना दुकानात दाखवूनच नवे आणावेत.

सुरुवात पुढच्या चाकापासून करा. खाली जुने कापड अंथरा, म्हणजे छर्रे घरंगळणार नाहीत. नट, वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडा. एका बाजूचा कोन सोडून आस बाहेर काढा. सर्व भाग डिझेलने धुऊन कोरडे पुसा. जवळ विडी, काडी पेटवू नका. कोनावर खड्डे दिसले तर कोनही बदला. कपात ग्रीस भरून चिमट्याने छर्रे बसवा. जुन्यांत नवे मिसळू नका. एखादा छर्रा किंचित मोठा निघाला तर सारा भार त्याच्यावर येतो. आस घालून कोन हाताने टेकेपर्यंत फिरवा, मग किंचित मागे घ्या आणि नट आवळा. चाक खुळखुळू नये आणि हळूच सोडल्यावर जड बाजू, बहुधा व्हॉल्व्हची, आपोआप खाली यावी. असे झाले की काम नीट जमले.

पुढचे चाक जमले की मागचे हाती घ्या; तिथे साखळी उतरवावी लागते, बाकी रीत तीच. फ्रीव्हील मात्र उघडू नका. त्यातले बारीक छर्रे आणि खटके सांडले की बसवणे कठीण. पायडलच्या दांड्याची कॉटर पिनही वेडीवाकडी ठोकू नका. ही कामे मिस्त्रीची आहेत. त्याच्या हुनराचा मोबदला त्याला खुशीने द्यावा.

मेअखेर एकदा आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात एकदा चाके उघडून पाहावीत. मासळीचे खारे पाणी ठिबकत असेल तर त्याहून लवकर. दोन पाने, एक चिमटा आणि ग्रीसचा डबा एवढेच भांडवल. चार शेजाऱ्यांनी मिळून घेतले तर तेही जड नाही. आपल्या मिस्त्रीला हब बदलण्याचा आणि चाक बांधण्याचा दर विचारा, शेजारी छऱ्यांचा दर लिहा आणि बुडालेल्या एका दिवसाची कमाई त्यात मिळवा. किफायत कशात आहे, ते व्यापारी माणसाला वेगळे सांगावे लागणार नाही.